बसायला आलेलं गिधाड

एका जंगलात एक मंडळी होती. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी. मुलांनो, तुम्ही विचाराल, जंगलात चर्च कुठून आलं? जिथून वाघ आला तिथूनच आलं. मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

चर्च मोहाच्या झाडाखाली भरायचं. बसायला आडवे ओंडके टाकलेले होते. दर रविवारी वाघ, हरणं, ससे, माकडं सगळे तिथे एकत्र बसायचे. देवाच्या घरात कोणी कोणाला खायचं नाही, असा नियम होता. घराबाहेरचा नियम वेगळा होता. म्हणून शेवटचा आशीर्वाद झाला की सशांना आणि हरणांना थोडं आधी सोडायचे.

पाळक होते रेव्हरंड इलीशा कासव. फार विद्वान. त्यांचा उपदेश रविवारी सुरू व्हायचा आणि मंगळवार-बुधवारी कधीतरी संपायचा. विषय अवघड निघाला किंवा कोणी भांडायला लागलं, की ते मान आत ओढून घ्यायचे. मग मंडळी हळू आवाजात म्हणायची, "पाळकसाहेब चिंतनात गेले."

पंचांचे अध्यक्ष होते वाघसाहेब. ते पहिल्या ओंडक्यावर बसत. त्या ओंडक्यावर दुसरं कोणीच बसत नसे. याला आदर म्हणतात.

आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या रूथबाई टिटवी. रूथबाई पाय वर करून झोपायच्या. आभाळ कोसळलं तर कोणीतरी धरायला पाहिजे ना! जंगलाची एवढी काळजी दुसऱ्या कोणालाच नव्हती. जाग आली की त्या ती काळजी सगळ्यांना ओरडून सांगायच्या.

तर एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला, 'दुसऱ्याचा न्याय करण्याची घाई'.

"प्रियांनो," पाळकसाहेब म्हणाले आणि जरा दम खाल्ला. "दुसऱ्याच्या मनात काय आहे ते देवाला कळतं. तुम्हाला कळत नाही. मलाही कळत नाही. म्हणून घाई करू नका."

एवढं म्हणेपर्यंत सोमवार उजाडला.

मंडळीला उपदेश फार आवडला. जो तो शेजाऱ्याकडे बघून मान हलवत होता. आज बरोबर शेजाऱ्यालाच लागलं, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेजारीही मान हलवत होता.

तेवढ्यात मागच्या ओंडक्यावर एक गिधाड येऊन बसलं.

डोक्यावर टक्कल. लांब उघडी मान. काळा कोट अंगावर टाकल्यासारखे पंख. नाव शांतवन. म्हणजे दुःखात धीर देणारा. आईवडील नाव ठेवताना पुढचा विचार करत नाहीत.

मागच्या ओंडक्यावरचे सगळे प्राणी हळूच उठले आणि पुढच्या ओंडक्यावर दाटीवाटीने बसले. न्याय कोणीच केला नाही. फक्त जागा बदलली.

उपासनेनंतर चहा झाला. उपासनेनंतर चहा असतोच. त्याशिवाय उपदेश खाली उतरत नाही.

"पाहिलंत का?" रूथबाई कुजबुजल्या. टिटवीची कुजबुज नदीपलीकडे ऐकू जाते. "गिधाड आलंय गिधाड!"

"कोण मेलंय?" वाघसाहेबांनी विचारलं.

"अजून कोणीच नाही. तेच तर म्हणतेय मी!"

"रूथबाई, असं बोलू नये. आत्ताच उपदेश झाला."

"मी कुठे न्याय करतेय? मी फक्त विचारतेय. कोणी मेलेलं नसताना गिधाड कशाला येईल?"

"घाई करू नका," वाघसाहेब गंभीरपणे म्हणाले. "आधी चहा घ्या. मग बघू कसा आहे मेला."

चहा झाला. मग सगळ्यांनी बघितलं. मेला वाईटच निघाला.

चहानंतर कामांची वाटणी व्हायची. सजावटीचं काम मोरांनी घेतलं. गायनाचं काम बेडकांनी घेतलं, कोणी दिलं नव्हतं तरी. शेवटी एकच काम उरलं. आजाऱ्यांच्या भेटी. आजाऱ्याकडे जायचं, जवळ बसायचं, प्रार्थना करायची आणि यायचं. हे काम कोणालाच नको असायचं. आजारी प्राणी एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. शिवाय तिथे चहा मिळत नाही.

"मी जाईन," मागून आवाज आला.

सगळ्यांनी मागे बघितलं. शांतवन उभा होता.

"तू?" वाघसाहेब म्हणाले. "आजाऱ्यांकडे?"

"हो. मला बसायची सवय आहे."

सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेब चिंतनात गेले.

"कोणाची हरकत?" वाघसाहेबांनी विचारलं.

हरकत सगळ्यांचीच होती. पण जो हरकत घेईल त्यालाच मग आजाऱ्यांकडे जावं लागलं असतं. म्हणून ठराव एकमताने पास झाला.

पहिला आजारी होता याकोब ससा. त्याला खोकला झाला होता. बिळात पडून तो कण्हत होता. शांतवनने बिळात मान घातली. मान लांब असल्यामुळे ती थेट याकोबच्या उशापर्यंत गेली.

"सलाम, याकोबभाऊ," शांतवन म्हणाला. "आता कसं वाटतंय?"

याकोबने डोळे उघडले. मग तो उठला. मागच्या तोंडाने बिळाबाहेर पडला, ओढा ओलांडला, टेकडी चढला, टेकडी उतरला आणि पुढच्या गावच्या कोबीच्या शेतात जाऊन थांबला. तिथे त्याच्या लक्षात आलं की खोकला गेलाय.

दुसरी आजारी होती एक म्हातारी माकडीण. तिची कंबर धरली होती. चार पावलंही टाकता येत नव्हती. शांतवन तिच्यासमोर जाऊन बसला आणि प्रार्थनेसाठी त्याने मान खाली घातली. प्रार्थना संपवून वर बघतो तर माकडीण जंगलातल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर होती.

जंगलात बोंब झाली. चांगली बोंब.

"चमत्कार!" रूथबाई ओरडत सुटल्या. "शांतवनभाऊंच्या हाताला गुण आहे!"

"त्याला हात नाहीत," कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच तर चमत्कार! मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, चेहऱ्यावर काय तेज आहे!"

चेहऱ्यावर पीस नसलं की ऊन चकाकतं. त्याला तेज म्हणत असतील तर तेज होतं.

आता सगळे त्याला 'अहो' म्हणायला लागले. मागचा ओंडका भरून गेला. त्याच्या शेजारी बसण्यावरून दोन सांबरांची शिंगं एकमेकांत अडकली. वाघसाहेबांनी चंगाई सभा, म्हणजे आजाऱ्यांना बरं करायची सभा, जाहीर केली. दोन झाडांच्या मध्ये मोठा फलक लागला. त्यावर वाघसाहेबांचं भलं मोठं चित्र होतं. कोपऱ्यात बारीकसं गिधाड होतं.

"अहो, मी काहीच केलं नाही," शांतवन सांगत होता. "मी फक्त सलाम म्हटलं. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत."

"किती नम्र!" मंडळी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

याकोब सशाला साक्ष द्यायला उभं केलं. "मी अंधारात पडलो होतो," याकोब म्हणाला. "मग मला एक चेहरा दिसला. आणि मी तसाच निघालो." मंडळीने हालेलुया म्हटलं. याकोब खरंच बोलत होता.

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच आठवड्यात शमशोनदादा आडवे पडले.

शमशोनदादा म्हणजे रानगवा. जंगलातला सगळ्यात ताकदवान प्राणी. चर्चचे सगळे ओंडके त्यांनीच एकट्याने ओढून आणले होते. त्यांना आधी ताप आला. मग त्यांनी चारा सोडला. मग ते नदीकाठच्या चिखलाशेजारी बसले ते उठेचनात.

मंडळीला फार वाईट वाटलं. जंगलात पोपटांचा एक ग्रुप होता. एकाने काही सांगितलं की बाकीचे सगळे तेच पुढे सांगायचे. "शमशोनदादांसाठी प्रार्थना करा," एक पोपट म्हणाला. मग उरलेले सगळे पोपट तेच म्हणाले, दिवसभर. शमशोनदादांना झोप लागेना, कारण ग्रुप त्यांच्याच डोक्यावरच्या झाडावर होता.

प्रत्यक्ष भेटायला मात्र कोणी गेलं नाही. एवढा मोठा प्राणी असा पडलेला बघवत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

आणि आता तर शांतवनभाऊ होतेच. वाघसाहेबांनी मिरवणूक काढली. पुढे बेडकांचं गायन, मध्ये शांतवन, मागे सगळं जंगल. मिरवणूक नदीकाठी पोचली. सगळे लांब उभे राहिले. शांतवन पुढे गेला.

"सलाम, शमशोनदादा."

शमशोनदादांनी एक डोळा उघडला. टक्कल बघितलं. मान बघितली. काळे पंख बघितले.

"सलाम," ते म्हणाले. "बस. आणि ते पोपट गप्प होतात का बघ जरा."

बस्स. एवढंच. शमशोनदादा पळाले नाहीत. उठलेसुद्धा नाहीत. शांतवन त्यांच्याजवळ बसला.

मंडळीने बराच वेळ वाट बघितली. मग बेडूक कंटाळले. मग हरणांना आठवलं की वाघसाहेब शेजारीच उभे आहेत आणि हे काही चर्च नाही. गर्दी पटकन पांगली.

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," परत जाताना रूथबाई म्हणाल्या, "कोणी मेलेलं नसताना गिधाड कशाला येईल?"

तुम्हाला आता वाटत असेल, रूथबाई वाईट आणि शांतवन चांगला. जरा थांबा. पुढचं ऐका.

शांतवन रोज यायला लागला. पानाच्या द्रोणातून थोडं थोडं पाणी शमशोनदादांच्या तोंडात सोडायचा. मग उंच उडायचा, घिरट्या घालायचा आणि खाली येऊन वर काय काय दिसलं ते सांगायचा. पूर्वेच्या माळावर गवत किती आलंय. मोरांची सजावट कोणी खाल्ली. कळपातलं नवीन वासरू कोणाला ढुशी मारून पळालं. पडून राहिलेल्या शमशोनदादांना सगळं जंगल दिसायला लागलं, तेही वरून. निरोगी असतानाही त्यांनी ते असं कधी बघितलं नव्हतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "शांतवन, तू माझ्या मरणाची वाट बघतोयस का रे?"

शांतवन पाय बदलून बसला.

"खरं सांगू का दादा?"

"मग काय? आता या वयात खोटं ऐकून मी काय करू?"

"मनात येतं," शांतवन म्हणाला. "मी गिधाड आहे. तुमच्या मांडीकडे नजर गेली की मन भटकतं. मग मी डोळे मिटून प्रार्थना करतो. परवा फार वेळ करावी लागली."

शमशोनदादांच्या पोटात काहीतरी गडगडलं. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. शांतवनने पाणी दिलं.

"पण मांडी चांगली आहे ना?" ठसका थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"अप्रतिम आहे दादा."

"तरुणपणी बघायला हवी होतीस." मग ते जरा थांबून म्हणाले, "एवढा त्रास होतो तर येतोस कशाला? घरी बस की."

"मग तुमच्याजवळ कोण बसणार?"

शमशोनदादांनी मान वळवून इकडे बघितलं. तिकडे बघितलं. चिखल होता. पोपट होते.

"बस," ते म्हणाले.

नदीकाठच्या वाळूत रूथबाईंचं घरटं होतं. घरटं म्हणजे चार खडे आणि त्यात अंडी. तिथे बसून त्यांनी हे सगळं ऐकलं. सगळं म्हणजे मांडीपर्यंतचं. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत. अंडी तशीच ठेवून जंगलभर ओरडत सुटल्या.

लगेच सभा बोलावली. विषय एकच, शांतवन गिधाडाचं मंडळीतून नाव कापणे. त्याला बोलवायला दोन रानडुकरं नदीकाठी गेली.

"आत्ताच यायचं का?" शांतवनने विचारलं. "यांना संध्याकाळचं पाणी द्यायचंय."

"आत्ताच," रानडुकरं म्हणाली.

"जाऊन ये," शमशोनदादा म्हणाले. त्यांचा आवाज आज फार खोल गेला होता. "लवकर ये पण."

सभा भरली. वाघसाहेब पहिल्या ओंडक्यावर बसले. पाळकसाहेब समोर होते, म्हणजे त्यांची पाठ होती. मान आधीपासूनच चिंतनात होती.

"कोणीही घाई करणार नाही," वाघसाहेबांनी सुरुवात केली. "आपण नीट विचारून, ऐकून, मगच याला काढू. शांतवन, तुला शमशोनला खावंसं वाटलं का?"

"वाटलं," शांतवन म्हणाला.

ओंडक्याओंडक्यांवर हलकल्लोळ झाला.

"कबूल केलं!" रूथबाई ओरडल्या. "मी माझ्या कानांनी ऐकलंय. मांडीला अप्रतिम म्हणाला हा!"

"म्हणालो. पण खाल्लं नाही."

"तो इथे प्रश्नच नाही," वाघसाहेब म्हणाले. त्यांना शहारा आला. "मेलेल्या प्राण्याला तोंड लावायचं! शी! मला ऐकूनच कसंतरी होतं. मी आयुष्यात कधी मेलेलं खाल्लं नाही."

"खरंय," याकोब ससा आदराने म्हणाला. "आमच्या घरातले सगळे साक्षीला आहेत." मग जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे होते."

"बघा!" वाघसाहेब म्हणाले. "असं चारित्र्य असावं."

शांतवन बराच वेळ खाली बघत होता. मग त्याने मान वर केली. लांब असल्यामुळे वेळ लागला.

"माझं नाव कापा," तो म्हणाला. "मी मागे बसत होतो, आता बाहेर बसेन. फक्त शमशोनदादांकडे मला जाऊ द्या."

"ते कसं जमेल? मंडळीच्या आजाऱ्याला मंडळीतल्यानेच भेटायचं. नियम आहे."

"मग आज दुसरं कोणी जाईल का? त्यांना पाणी पाजायचं राहिलंय. आज त्यांचं अंग फार गार लागत होतं."

सगळे खाली बघायला लागले. खाली काहीच नव्हतं, तरी सगळे बघत होते. बेडूकसुद्धा गप्प होते. एवढी शांतता त्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीही कधी झाली नव्हती.

"रूथबाई, तुम्ही तर तिथेच राहता," शांतवन म्हणाला.

"माझी अंडी आहेत बाई," रूथबाई म्हणाल्या. त्या अंडी सोडून सकाळपासून फिरत होत्या.

"ठीक आहे," वाघसाहेब म्हणाले. "मत घेऊ या. नाव कापावं असं ज्यांना वाटतं त्यांनी..."

तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. झुडपं मोडली. पोपट उडाले. आणि चर्चच्या तोंडाशी शमशोनदादा उभे राहिले.

उभे म्हणजे कसेबसे. पाय थरथरत होते. अंगावर चिखल वाळलेला. तोंडाला फेस. शांतवन उडी मारून पुढे झाला, पण ते त्याला बाजूला सारून दोन पावलं आत आले आणि वाघसाहेबांच्या ओंडक्यावर धपकन बसले. ओंडक्याचे दोन तुकडे झाले. वाघसाहेब अलीकडच्या तुकड्यावरून खाली घरंगळले.

"चमत्कार!" रूथबाई सवयीने ओरडल्या.

"कसला चमत्कार?" शमशोनदादा धापा टाकत म्हणाले. "मी मरत होतो. छान चाललं होतं. मध्येच डोळे उघडून बघतो तर जवळ कोणीच नाही. हाक मारली. कोणी ओ देईना. म्हटलं, हे काही बरोबर नाही. एकट्याने मरायला मला जमत नाही. म्हणून आलो."

"म्हणजे तुम्ही बरे झालात?" याकोबने विचारलं.

"नाही. कंटाळलो." मग त्यांनी शांतवनकडे बघितलं. "तुला लवकर ये म्हणालो होतो."

"सभा होती दादा."

"कसली?"

कोणी सांगेना. शेवटी शांतवननेच सांगितलं. मांडीचं.

"मग? मांडी चांगली आहे म्हणाला. खोटं बोलला का?" शमशोनदादांनी सगळ्यांकडे बघितलं. "तुमच्यापैकी मला कोणी काय म्हणालं? हा एकटा माझ्याकडे बघून काहीतरी बोलला तरी. पाणी आण रे."

शांतवन पाणी आणायला गेला. शमशोनदादांनी तुकडे झालेल्या ओंडक्यावर मान टेकली आणि ते झोपून गेले. घोरायलाही लागले. त्यानंतर ते हळूहळू चारा खायला लागले आणि पुढे खूप वर्षं जगले. हे औषधाने झालं, प्रार्थनेने झालं की चालण्याने झालं, ते मला विचारू नका. मी काही डॉक्टर नाही.

इकडे मंडळीला फार लाज वाटली. लाज कोणाला आवडत नाही. ती दुसऱ्याला कधी देऊन टाकतो असं होतं.

"आपल्या हातून चूक झाली," वाघसाहेब अंगावरची धूळ झटकत म्हणाले. "आपण एका गरीब गिधाडाचा घाईने न्याय केला. प्रश्न असा आहे की हे सुरू कोणी केलं?"

सगळ्यांनी एकदम रूथबाईंकडे बघितलं.

"मी?" रूथबाई म्हणाल्या. "अहो, तुम्हीच तर म्हणालात, आधी चहा घ्या मग..."

"पाळकसाहेबांनी एवढा उपदेश केला, तरी या बाईने दुसऱ्याचा न्याय केला!" वाघसाहेब गरजले. "अशी बाई मंडळीत नको. न्याय करू नये हे तिला चांगलंच कळलं पाहिजे. कोणाची हरकत?"

या वेळी कोणी चहाचीही वाट बघितली नाही. सगळे हात, पंजे, खूर आणि शेपट्या नाव कापायच्या बाजूने पटापट वर झाल्या. शांतवन पाणी घेऊन आला तेव्हा मोजणी चालू होती. त्याने विचारलं, काय चाललंय? सांगितल्यावर तो म्हणाला, "माझी हरकत आहे."

"शांतवनभाऊ, तुमच्याच बाजूने चाललंय हे," वाघसाहेब प्रेमाने म्हणाले.

"तरी आहे."

"एक मत वाया," वाघसाहेब म्हणाले आणि सभा संपली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायला मान बाहेर काढली तेव्हा तिथे आडवे पडलेले शमशोनदादा आणि त्यांना पाणी पाजणारा शांतवन एवढेच उरले होते. पाळकसाहेबांनी दोघांना आशीर्वाद दिला. तो द्यायला त्यांना दुसरा दिवस उजाडला.

रूथबाई नदीकाठी एकट्या बसल्या होत्या. अंडी पंखाखाली होती. त्यांना भेटायला कोणी येईना. महिला मंडळातल्या पाणकोंबड्या समोरून पोहत जायच्या आणि नेमक्या तेव्हाच त्यांना पाण्याखाली काहीतरी दिसायचं. रूथबाईंनी दोनतीनदा ओरडून बघितलं. मग गप्प बसल्या. टिटवी गप्प बसली की नदीकाठ ओळखू येत नाही.

दुपारी वाळूवर एक मोठी काळी सावली पडली.

"माझी अंडी!" रूथबाई किंचाळल्या.

"सलाम, रूथबाई," शांतवन म्हणाला. तो खाली उतरून थोडा लांबच बसला. "अंडी मी खात नाही."

"मग कशाला आलास?"

"बसायला."

"मी आजारी नाही."

"दिसतंय."

रूथबाईंनी मान फिरवली. पुन्हा वळवली. "तुला माझ्याबद्दल काहीच वाटलं नाही का रे? एवढं बोलले मी."

"वाटलं की," शांतवन म्हणाला. "खूप काही वाटलं. सकाळपासून वर घिरट्या घालत तेच वाटून घेत होतो. ते संपल्यावर खाली आलो."

ऊन वाढत होतं. वाळू तापली होती. रूथबाईंचा पंख लहान होता आणि एका बाजूचं अंडं सारखं उघडं पडत होतं. त्या इकडे सरकल्या की तिकडचं उघडं पडायचं. शांतवनने थोडा वेळ बघितलं. मग त्याने एक पंख उघडला. सगळ्या घरट्यावर सावली पडली. रूथबाईंवरही पडली.

"अजून जरा इकडे," रूथबाई म्हणाल्या.

शांतवन सरकला.

"हां. आता बरोबर." मग थोडा वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "मान मात्र तिकडे कर. बघवत नाही."

शांतवनने मान तिकडे केली.

तात्पर्य: आपण आडवे पडलो तर जवळ कोण येऊन बसेल, हे प्रत्येकाने आधीच नीट बघून ठेवावं आणि त्याचा न्याय चुकूनही करू नये. बाकीच्यांचा खुशाल करावा. ते तसेही येणार नाहीत.